किती केल्या, हा एकच प्रश्न

माझी भाची हृदयरोगशास्त्रात डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची पदवी, होऊन इंदूरला परत आली, त्याला आता दीड वर्ष होत आले. आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात तिला तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकच प्रश्न विचारला गेला. एका खाजगी रुग्णालयातल्या मुलाखतीत व्यवस्थापकांनी विचारले, "मॅडम, महिन्याला किती अँजिओप्लास्टी होतील तुमच्याकडून?" रामबागेत आमच्या जुन्या वाड्याशेजारी राहणाऱ्या काकूंनी कौतुकाने विचारले, "आत्तापर्यंत किती केल्यास गं?" आणि तिच्याच वर्गातल्या, दुसऱ्या शहरात रुजू झालेल्या मित्राने फोनवर आधी स्वतःचा आकडा सांगून मग तिचा विचारला. तिघांचे हेतू निराळे होते, पण मोजमाप एकच होते. मी स्वतः एमडी मेडिसिन आहे. पस्तीस वर्षे याच शहरात सामान्य फिजिशियन म्हणून काम करतो आहे आणि या काळात शेकडो रुग्ण मी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले आहेत. म्हणून हा प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला, आणि आज मी जे मांडतो आहे ते त्यातूनच आलेले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. इंटरव्हेन्शनल कार्डिऑलॉजिस्ट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत तार आणि फुगा घालून उपचार (अँजिओप्लास्टी) करणारा तज्ज्ञ, घडवताना आपण त्याच्या हातावर अकरा-बारा वर्षे खर्च करतो, पण हात कधी चालवायचा आणि कधी आवरायचा हे ठरवणाऱ्या बुद्धीची ना परीक्षा घेतो, ना नोंद ठेवतो, ना तिचे मोल देतो. नंतर त्याच तज्ज्ञावर ‘गरज नसताना स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) टाकला’ असा आरोप होतो, तेव्हा चर्चा व्यक्तीच्या सचोटीवर येऊन थांबते. वास्तविक हा दोष व्यक्तीपेक्षा वाटेचा अधिक आहे, आणि वाट बदलता येण्यासारखी आहे.

ही वाट किती लांब आहे ते आधी पाहावे. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप, पुढे एमडीची तीन, त्यापुढे डीएमची किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डॉक्टरेट अभ्यासक्रमाची तीन, अशी एकही वर्ष वाया न जाता साडेअकरा वर्षे होतात. प्रत्यक्षात एमडीच्या प्रवेशपरीक्षेसाठी, म्हणजे नीट-पीजीसाठी, एखादे वर्ष आणि डीएमच्या, २०१७ पासून सुरू झालेल्या नीट-एसएससाठी आणखी एखादे वर्ष बहुतेकांचे जातेच. ज्यांना गुंतागुंतीच्या अँजिओप्लास्टी किंवा झडपांचे काम शिकायचे असते ते वर्ष-दोन वर्षांची फेलोशिप करतात. म्हणजे अठराव्या वर्षी घरातून निघालेली मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहते तेव्हा तिशी ओलांडून दोन-तीन वर्षे झालेली असतात. तिच्याबरोबर बारावी झालेली, इथल्याच एसजीएसआयटीएस महाविद्यालयातून इंजिनिअर झालेली मैत्रीण तोवर घराचे हप्ते फेडत आणलेली असते. शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली तर खर्च आवाक्यात राहतो. खाजगी किंवा अभिमत विद्यापीठात जावे लागले तर आईवडिलांची निवृत्तीची पुंजी जाते आणि वर कर्ज उरते. या कर्जाचा विषय मी पुढे पुन्हा काढणार आहे, कारण कॅथलॅबमधले (जिथे हे तारेचे उपचार होतात त्या खोलीतले) निर्णय आणि हे कर्ज यांचा संबंध आपण मान्य करत नाही, पण तो आहे.

डीएमच्या तीन वर्षांत हात कसा तयार होतो हे पाहण्याची संधी मला भाचीमुळे मिळाली. मनगटातल्या धमनीत सुई घालणे ही पहिली पायरी. त्यातून सहा फ्रेंचचा, म्हणजे साधारण दोन मिलिमीटर जाडीचा, गायडिंग कॅथेटर, म्हणजे लवचीक नळी, हृदयाच्या मुळाशी न्यायचा आणि कोरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या, धमनीच्या तोंडाशी अलगद टेकवायचा. जोर जास्त झाला तर त्या तोंडालाच चीर पडते. मग एक इंचाच्या हजार भागांपैकी चौदा भाग इतकी बारीक तार अडथळ्यातून पलीकडे न्यायची. भाची सांगते की तार पलीकडे गेली हे पडद्यावर दिसण्याच्या क्षणभर आधी बोटांना कळते; तारेचे टोक मोकळे फिरू लागते. ही जाणीव पुस्तकातून येत नाही. वरिष्ठांच्या शेजारी, पाच-सात किलोंचा शिशाचा एप्रन घालून शेकडो तास उभे राहिल्यावर ती येते. म्हणूनच आकड्याला अजिबात अर्थ नाही असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत इंटरव्हेन्शनच्या स्वतंत्र प्रशिक्षणवर्षात किमान २५० अँजिओप्लास्टींचा अनुभव अपेक्षित असतो, आणि पुढेही हात टिकून राहावा म्हणून वर्षाला सरासरी पन्नास कराव्यात असे तिथल्या संघटनांनी २०१३ साली ठरवून दिले. खूप कमी करणाऱ्याच्या हातून चुका अधिक होतात, हे साऱ्यांना मान्य आहे. आकडा ही पात्रतेची पहिली पायरी आहे. मात्र आपण तिलाच शेवटची पायरी मानून बसलो आहोत.

ज्याने हे शास्त्र सुरू केले तो असे मानत नव्हता. आंद्रेआस ग्रुएन्ट्सिग याने झुरिकमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुग्याचे कॅथेटर तयार केले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी जागेपणी बोलत असलेल्या एका अडतीस वर्षांच्या रुग्णाची जगातली पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. दोन वर्षांनी त्याने आपल्या पहिल्या पन्नास रुग्णांचा अहवाल छापला. त्यात यशस्वी झालेल्या बत्तीस रुग्णांइतकेच स्थान न झालेल्यांनाही दिले, आणि बायपाससाठी योग्य असलेल्या रुग्णांपैकी जेमतेम दहा ते पंधरा टक्केच या पद्धतीला योग्य ठरतील असा अंदाज नोंदवला. पुढे स्टेंट आले, औषधाचा लेप असलेले औषधी स्टेंट आले आणि ती टक्केवारी मागे पडली, हे खरे. पण नव्या उपचाराचा जनकच पहिल्याच मोठ्या अहवालात त्या उपचाराची मर्यादा स्वतःहून लिहून ठेवतो, ही शिस्त मला त्याच्या फुग्याइतकीच मोलाची वाटते. ती शिस्त आपल्या प्रशिक्षणात कुठे आहे?

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण त्यावाचून पुढचे सारे चुकीचे वाचले जाईल. हृदयविकाराचा तीव्र झटका आलेला असताना, धमनी गुठळीने पूर्ण बंद झालेली असताना, वेळेत केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. मी इंदूरच्या एमवाय रुग्णालयात विद्यार्थी होतो तेव्हा झटक्याच्या रुग्णाला आम्ही मॉर्फिन, प्राणवायू आणि सक्तीची विश्रांती देत असू आणि रात्र काढत असू. १९८६ साली इटलीत जवळजवळ बारा हजार रुग्णांवर गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजचा उपयोग सिद्ध झाला, मग आमच्याकडेही ते इंजेक्शन आले आणि चित्र बदलू लागले. त्यानंतर २००३ साली तेवीस चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाच्या मानाने तातडीच्या अँजिओप्लास्टीने मृत्यू आणखी कमी होतात हे दिसले. रात्री तीन वाजता उठून वीस मिनिटांत कॅथलॅब गाठणाऱ्या या मुलामुलींबद्दल माझ्या मनात निव्वळ आदर आहे.

प्रश्न दुसऱ्या रुग्णाचा आहे. जिना चढताना छातीत भरून येते, बसले की थांबते, असे सहा महिने स्थिर दुखणे असलेला साठीचा गृहस्थ. त्याच्याबाबत २००७ साली अमेरिका-कॅनडातल्या २,२८७ रुग्णांच्या करेज चाचणीने दाखवले की उत्तम औषधोपचारात स्टेंटची भर घातल्याने मृत्यू किंवा झटका कमी होत नाही. २०१९ साली जाहीर झालेल्या इस्केमिया चाचणीत ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते, भारतातलेही होते, आणि निष्कर्ष त्याच दिशेचा होता. मधल्या काळात, २०१७ साली, लंडनच्या ऑर्बिटा चाचणीत निम्म्या रुग्णांना कॅथलॅबमध्ये नेऊन, गुंगी देऊन, स्टेंट न घालताच बाहेर आणले. औषधे नीट चालू असताना दोन्ही गटांच्या चालण्याच्या क्षमतेत लक्षणीय फरक दिसला नाही. त्याच गटाच्या २०२३ मधल्या दुसऱ्या चाचणीत मात्र छातीच्या दुखण्याची औषधे बंद ठेवलेल्या रुग्णांना स्टेंटने खरोखर आराम पडला, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे अशा रुग्णासाठी स्टेंट हा दुखणे कमी करण्याचा एक चांगला मार्ग आहे. आयुष्य वाढवण्याचा तो मार्ग आहे, असे सांगता येत नाही. मुख्य डाव्या धमनीतला अडथळा यासारखे अपवाद आहेत, आणि ते ओळखणे हेच तज्ज्ञाचे काम.

आता हा भेद आमच्या शहरातल्या, किंबहुना कुठल्याही शहरातल्या, कॅथलॅबच्या दारात कसा पुसला जातो ते पाहा. रुग्ण टेबलावर आहे. अँजिओग्राफी, म्हणजे क्ष-किरणांनी हृदयाच्या वाहिन्यांचे चित्र घेण्याची तपासणी, संपली आहे. बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला आणि जावयाला आत बोलावतात, काचेमागच्या पडद्यावर काळी वाहिनी दिसते, तिला एका जागी चिमटा घेतल्यासारखी खाच दिसते, आणि त्यांना सांगितले जाते की नव्वद टक्के ब्लॉकेज आहे, आत्ताच करून टाकायचे की पुन्हा टेबलावर घ्यायचे? दहा मिनिटांत सांगा. मुलाचे हात थरथरत असतात. पडद्यावरची खाच दिसल्यावर ‘नको’ म्हणणारा मुलगा मी आजवर पाहिलेला नाही. रुग्ण स्वतः आत पडून आहे, अर्धवट गुंगीत. त्याला कोणी विचारलेले नाही. हे रुग्ण पुढे माझ्याकडे येतात आणि सांगतात, "डॉक्टरसाहेब, वेळेवर गेलो म्हणून वाचलो." त्यांच्यापैकी कित्येक त्या दिवशी मरणार नव्हते, आणि हे त्यांना कोणीच सांगितलेले नसते. मीही सांगितले नाही, याची मला खंत आहे.

या दहा मिनिटांबाबत आपला कायदा गप्प नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मधल्या एका निकालात म्हटले आहे की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठीची संमती ठरत नाही. जीव वाचवण्याची तातडी हाच काय तो अपवाद. ते प्रकरण दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचे होते. ती भुलीत असताना तिच्या आईच्या होकारावर गर्भाशय आणि बीजांडे काढली गेली होती. स्थिर दुखण्याच्या रुग्णाला अँजिओग्राफीच्या टेबलावरच स्टेंट घालताना नातेवाइकांची सही घेणे या तत्त्वात किती बसते, याचा विचार व्हायला हवा. अनेक ठिकाणी दोन्ही संमतिपत्रांवर सकाळीच सही घेऊन ठेवतात. त्याने कागद पुरा होतो. पण समोर चित्रही नसताना रुग्णाने कशाला होकार दिला, हा प्रश्न तसाच राहतो.

‘पुन्हा टेबलावर घेतले तर खर्च दुप्पट, मनगटाला दुसऱ्यांदा सुई, आणि गावाकडून पुन्हा यायचे’, हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो आणि तो खोटा नाही. झाबुआहून आलेल्या कुटुंबाला दोन फेऱ्या परवडत नाहीत. पण त्यावर उपाय आधीच्या संभाषणाचा आहे. अँजिओग्राफीच्या आदल्या दिवशी ओपीडीत अर्धा तास बसून ‘असे दिसले तर औषध, असे दिसले तर स्टेंट, असे दिसले तर बायपास, आणि त्या वेळी मी तुम्हाला स्वतः विचारीन’ एवढे सांगता येते. तो अर्धा तास का मिळत नाही, हे उघड आहे. त्या अर्ध्या तासाची फी ओपीडीच्या एका केसपेपराइतकी, आणि टेबलावरच्या अर्ध्या तासाची तिच्या कित्येक पट.

तीच गोष्ट मोजणीच्या साधनांची. डोळ्यांना सत्तर टक्के वाटणारा अडथळा रक्ताचा प्रवाह खरोखर अडवतो की नाही हे दाबमापक तारेने कळते. २००९ साली हजार रुग्णांच्या फेम चाचणीने दाखवले की अशा मोजणीच्या आधारे निर्णय घेतले तर स्टेंट कमी लागतात आणि रुग्णांचे पुढचे आयुष्यही अधिक बरे जाते. ती तार महाग आहे, तिला दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि तिच्या शेवटी बऱ्याचदा ‘काही करायचे नाही’ असे उत्तर येते. जे यंत्र रुग्णालयाचे उत्पन्न कमी करते ते कपाटात राहते. मधुमेह असलेल्या आणि एकाहून अधिक वाहिन्यांत अडथळे असलेल्या रुग्णांना स्टेंटपेक्षा बायपास सरस, हे २०१२ च्या फ्रीडम चाचणीत १,९०० रुग्णांवर दिसले. माळव्यात मधुमेह घरोघरी असल्यामुळे हा निष्कर्ष आमच्या रोजच्या कामाचा आहे. तरीही कार्डिऑलॉजिस्ट आणि शल्यविशारद यांनी एकत्र बसून एखाद्या रुग्णाचा निर्णय घेणे हे अजून अपवादाने घडते. शल्यविशारदांचीच वानवा आहे, कारण हृदयशस्त्रक्रियेच्या एमसीएचच्या (शल्यशाखेतल्या डीएमच्या तोडीच्या पदवीच्या) जागा देशभर रिकाम्या राहतात आणि हृदयरोगाच्या डीएमच्या जागांसाठी झुंबड असते. विद्यार्थी मूर्ख नसतात. कोणत्या विद्येला बाजारात काय भाव आहे हे त्यांना चांगले कळते.

इथे मी कर्जाकडे परत येतो. भाचीला मिळालेल्या पहिल्या करारात दरमहा ठरावीक किमान रक्कम होती, आणि तिच्यावर ‘परफॉर्मन्स’ म्हणजे प्रत्येक प्रोसीजरमागे हिस्सा होता. सहा महिन्यांनी किमान रक्कम निम्म्यावर येणार होती. कोणीही तिला ‘नको तिथे स्टेंट टाका’ असे म्हटले नाही, आणि म्हणणारही नाही. तशी गरजच नसते. तेहतिशीतल्या, वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीवर शिकलेल्या माणसासमोर कागदावर दोन वाटा ठेवल्या आहेत, एकीवर पैसे आहेत आणि दुसरीवर फक्त बरोबर असल्याचे समाधान आहे. अशा वेळी सरळ माणसाच्याही ‘शंका असेल तर करून टाकू’ या वाक्यात थोडा उतार येतो, आणि रोज दहा वेळा आलेला तो उतार वर्षाअखेरीस खूप मोठा होतो. तिने तो करार घेतला नाही, कारण तिच्या आईवडिलांनी कर्ज काढले नव्हते. माझ्या भाचीची सचोटी मला ठाऊक आहे, पण ती शासकीय महाविद्यालयात शिकली नसती तर काय झाले असते हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

डॉक्टरांनी रुग्ण पाठवल्याबद्दल हिस्सा घेणे-देणे २००२ च्या आचारसंहितेतच निषिद्ध आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपयांवर आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपयांवर आणली. त्याआधी लाखाच्या वर बिले होत असत. हा निर्णय योग्यच होता. पण त्याने स्टेंटचा भाव बांधला गेला, निर्णयाचा प्रश्न जागच्या जागी राहिला. प्रत्येक नगामागे पैसे मिळण्याची पद्धत तशीच ठेवून नगाचा भाव उतरवला तर नगांची संख्या वाढवण्याचा मोह वाढतो, हे किराणा दुकान चालवणारालाही कळेल.

मग जो हात इतका तयार आहे तो कुठे कमी पडतो? सेंधव्याला. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. सेंधव्यातल्या एका खानदेशी कुटुंबातल्या पंचेचाळीस वर्षांच्या कापड दुकानदाराला पहाटे छातीत कळ आली. आगरा-मुंबई रस्त्याने इंदूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथल्या तरुण डॉक्टरने ईसीजी काढला, भ्रमणध्वनीवर भाचीला पाठवला, आणि तिने पलंगावर उठून बसत तो पाहिला. व्ही-१ ते व्ही-४ मधल्या रेषा थडग्याच्या दगडासारख्या वर उचललेल्या होत्या, म्हणजे झटका तीव्र होता. तिने विचारले, "टेनेक्टेप्लेज आहे का तुमच्याकडे?" गुठळी विरघळवणारे हे औषध कपाटात होते, पण त्या डॉक्टरने ते आयुष्यात कधी दिलेले नव्हते आणि मेंदूत रक्तस्राव झाला तर जबाबदार कोण, या भीतीने तो रुग्णाला रुग्णवाहिकेत घालून इंदूरला पाठवण्याच्या बेतात होता. भाचीने वजन विचारले, मात्रा सांगितली, रक्तस्रावाची कारणे एकेक करून विचारून घेतली आणि इंजेक्शन पुरे होईपर्यंत फोन सोडला नाही. मानपूरचा घाट चढून तो माणूस इंदूरला पोचला तेव्हा दुखणे थांबलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची अँजिओग्राफी आणि स्टेंट झाला. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत आणि तासाभरात कॅथलॅब मिळण्याची शक्यता नसताना हाच क्रम योग्य आहे, हे २०१३ सालच्या स्ट्रीम चाचणीने दाखवलेले आहे.

रुग्णालयाच्या दारापासून फुगा फुगेपर्यंत नव्वद मिनिटे, हा निकष आमच्या शहरातली रुग्णालये अभिमानाने भिंतीवर लावतात. बडवानी, खरगोन, अलीराजपूरच्या रुग्णाचे घड्याळ त्या दाराच्या चार तास आधीच सुरू झालेले असते. त्या पहाटेच्या चाळीस मिनिटांच्या फोनने जे वाचवले ते त्या महिन्यातल्या तिच्या कित्येक स्थिर रुग्णांच्या स्टेंटपेक्षा मोलाचे होते, असे मला वाटते. पण तिच्या लॉगबुकात, म्हणजे केलेल्या प्रोसीजरच्या नोंदवहीत, त्याची नोंद नाही, तिच्या पगारात त्याला ओळ नाही, आणि डीएमच्या अभ्यासक्रमात असे मार्गदर्शन शिकवण्याचा तास नाही. तामिळनाडूत छोटी रुग्णालये आणि कॅथलॅब यांची जाळी बांधून हे काम व्यवस्थेचा भाग केले गेले, आणि वर्षभरातले मृत्यू घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्धही झाले. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात राहावे लागते, असा नियम आता आहे. डीएमला तो नाही. भावी हृदयरोगतज्ज्ञाने तीन महिने खरगोनच्या किंवा धारच्या जिल्हा रुग्णालयात राहून तिथल्या डॉक्टरांबरोबर असे पंचवीस रुग्ण हाताळले, तर पुढे रात्री फोन उचलताना पलीकडे कोण, कोणत्या खोलीत, कोणत्या साधनांसह उभा आहे हे त्याला ठाऊक असेल. आणि पलीकडच्यालाही त्याचा आवाज ओळखीचा असेल. तो फोन सुद्धा ‘उपचार’ म्हणून धरला जावा आणि त्याचे शुल्क शासनाने द्यावे, असे माझे मत आहे.

या कामाची शरीराला बसणारी किंमतही मोजावी. एप्रनने पाठीचे मणके झिजतात, क्ष-किरणांनी डोळ्यांच्या भिंगावर डाग येतात, आणि स्त्री डॉक्टरला गरोदरपणात कामाची जागा बदलून मागावी लागते. नियमाने तो हक्क आहे, तरी मागताना तिला करिअर मागे पडण्याची भीती वाटते. आकड्याच्या शर्यतीत नऊ महिन्यांची खाच भरून निघत नाही. मोजमाप बदलले तर हे ओझेही हलके होईल.

मोजमाप बदलायचे म्हणजे काय करायचे? डीएमच्या अंतिम परीक्षेत आजही बहुधा झडपेच्या विकाराचा रुग्ण समोर ठेवून हृदयाची कुरकुर (मर्मर) ऐकवतात, आणि ते हवेच. त्याच्या जोडीला दहा अँजिओग्राफी, त्या रुग्णांची कहाणी, वय, मधुमेह, घरची स्थिती समोर ठेवावी आणि विचारावे: यांतल्या कोणाला औषध, कोणाला स्टेंट, कोणाला बायपास, आणि तुम्ही ते रुग्णाला कोणत्या शब्दांत सांगाल? शेवटचा भाग त्याने परीक्षकासमोर मराठीत, हिंदीत, ज्या भाषेत रुग्ण बोलतो त्या भाषेत करून दाखवावा. नोकरीच्या करारातून प्रोसीजरमागचा हिस्सा काढून टाकावा आणि पूर्ण पगार द्यावा. निदान शासकीय योजनांचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांना ही अट घालता येईल. स्थिर रुग्णाच्या बाबतीत अँजिओग्राफी आणि स्टेंट यांच्यात रुग्णाशी, शुद्धीवर असताना, बोलणे सक्तीचे असावे.

राहिली नोंद. देशातल्या कॅथलॅबचे आकडे हृदयरोगतज्ज्ञांची संघटना दरवर्षी गोळा करते, पण ते स्वेच्छेने दिलेले आणि मुख्यतः संख्येचे असतात. न्यूयॉर्क राज्यात तीस वर्षांपासून प्रत्येक रुग्णालयाचे आणि डॉक्टरचे मृत्युप्रमाण जाहीर होते. त्याचा एक वाईट परिणामही दिसला: अत्यवस्थ, रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांना हात लावायला डॉक्टर कचरू लागले, म्हणजे ज्यांना सर्वाधिक गरज तेच वगळले जाऊ लागले. म्हणून मी मृत्यूंची यादी वर्तमानपत्रात छापा असे म्हणत नाही. मला हवी आहे ती निर्णयांची नोंद: किती अँजिओग्राफींनंतर काहीच केले नाही, किती जणांना बायपासला पाठवले, दाबमापक तार किती वेळा वापरली, स्टेंटआधी छातीच्या दुखण्याची औषधे किती दिवस दिली होती. हे प्रत्येक कॅथलॅबने वर्षातून एकदा रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावावे. एखाद्या कॅथलॅबमध्ये अँजिओग्राफी झालेल्या जवळजवळ प्रत्येकालाच स्टेंट पडत असेल, तर ते वाचायला आकडेतज्ज्ञ लागत नाही.

भाची आता एका छोट्या रुग्णालयात ठरावीक पगारावर काम करते. लॉगबुकाच्या जोडीला तिने साधी दोनशे पानी वही ठेवली आहे, तिच्यात टेबलावरून स्टेंटशिवाय उतरवलेल्या रुग्णांची नोंद असते; नाव, काय दिसले, का नाही केले, कोणती औषधे दिली. दर तीन महिन्यांनी ती त्यांना फोन करते. परवा मी ती वही चाळली तेव्हा एकतीस नोंदी होत्या. देवासच्या एका शिक्षकाच्या नोंदीपुढे लाल शाईने लिहिले होते, की सात महिन्यांनी दुखणे वाढले, औषधे पुरली नाहीत, स्टेंट घातला, रुग्ण बरा आहे. आणि त्याखाली तिने स्वतःला विचारले होते, ‘पहिल्या वेळी दाब मोजला असता तर?’ मी विचारले, "ही वही कोणाला दाखवतेस का?" ती म्हणाली, "मामा, तुम्ही पहिलेच. मागितली कोणी?"